खांबेटे काकांचं अकरा मीटरचं टेबल

बसण्याआधी बाक मोजणे. त्यासाठी शर्टाच्या खिशात तीन मीटरची टेप ठेवणे. पंचेचाळीस सेंटिमीटर भरलं तर बसणे, अठ्ठेचाळीस भरलं तर उभं राहणे. घरातली जेवणाची खुर्ची अठ्ठेचाळीस आहे म्हणून रोज चहा उभ्याने पिणे. दवाखान्यात नंबर येईपर्यंत तिथल्या खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून लावणे, आणि रिसेप्शनिस्टने त्या परत सरळ केल्या तर घरी पोचेपर्यंत कुणाशी न बोलणे. प्रत्येक पुरुषाला इथल्या पद्धतीने "गुडे मेट" म्हणणे, प्रत्येक बाईला "गुडे मॅडम", कुत्र्याला नुसतं "गुडे". सुपरमार्केटच्या कॅटलॉगवर, बटाट्याच्या आणि कोंबडीच्या चित्रांमधल्या कोऱ्या जागेत, पेन्सिलीने चौकांचे नकाशे काढणे. ऑक्टोबरपासून मॅगपाय पक्षी डोक्यावर झेप घेतात म्हणून आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर घालून फिरणे. पक्ष्याला कुणी बघतंय असं वाटावं म्हणून डब्याला मागच्या बाजूने डोळे काढणे. त्या डोळ्यांना चष्माही काढणे.

मुरलीधर खांबेटे यांच्या या सवयी. वय सत्तर. मुक्काम क्रेगीबर्न, मेलबर्नचं उत्तर टोक. मुलगा शैलेंद्र रेल्वेच्या सिग्नलवर इंजिनीअर. त्याच्या घरी काका आणि विमलकाकू आठ वर्षांपूर्वी राहायला आले. गल्लीचं नाव मर्लो क्लोज. या नव्या वसाहतीतल्या सगळ्या रस्त्यांना वाइनची नावं आहेत. काकांच्या गल्लीत कुणी पीत नाही.

क्रेगीबर्नच्या आधी काका वीस वर्षं जोहान्सबर्गला होते. पुण्यात ड्राफ्ट्समन होते, एकेचाळीसाव्या वर्षी तिकडे नोकरी मिळाली. काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणारं सरकार जाऊन दोन वर्षं झाली होती. कायदा बदलला होता. नकाशा तोच होता. गोऱ्यांची वस्ती इकडे, काळ्यांची वस्ती तिकडे, आणि मध्ये मुद्दाम मोकळा सोडलेला पट्टा. कुठे रेल्वेलाइन, कुठे हमरस्ता, कुठे नुसतं गवत. काका ज्या ऑफिसात होते, त्या ऑफिसचं काम या पट्ट्यांवर काहीतरी बांधायचं. वाचनालय, बाजार, चौक. दोन्हीकडच्या लोकांनी एका ठिकाणी यावं म्हणून.

तिथल्या मुख्य आर्किटेक्ट नोम्सा मॅडम. त्या म्हणायच्या, "भिंत पाडायला एक दिवस लागतो, मुरली. पाडल्यावर लोकांना तिथे बसायला कारण द्यावं लागतं. त्याला जन्म जातो."

काकांनी हे वाक्य मनावर घेतलं. इतकं, की पुढच्याच चौकात त्यांनी घोटाळा केला.

सेहेचाळीस काँक्रीटचे बाक. जोडीजोडीने, समोरासमोर. एका वस्तीचा माणूस इकडे बसेल, दुसऱ्या वस्तीचा तिकडे, नजरानजर होईल, बोलणं होईल. काका तेव्हा पेन्सिल सोडून नुकते कंप्युटरवर आले होते. एक बाक काढायचा आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब घ्यायचं, एवढंच. काकांनी आरसा बाकाच्या समोर धरायचा तो पाठीमागे धरला. नकाशा गेला, काँक्रीट ओतलं गेलं. सेहेचाळीस बाक पाठीला पाठ लावून उभे राहिले.

नोम्सा मॅडम चौकात येऊन सगळ्या बाकांभोवती फिरल्या. मग म्हणाल्या, "असू दे. तीनशे वर्षं असेच बसलेत लोक. परकं वाटणार नाही."

नोकरी गेली नाही. पण काकांची झोप गेली ती गेलीच. हे फक्त विमलकाकूंना माहीत होतं.

तर असा माणूस क्रेगीबर्नला आला आणि पहिल्याच संध्याकाळी फिरायला गेला. गल्लीच्या टोकाला गवताचा एक लांब पट्टा होता. मधून पावसाच्या पाण्याची चर. चरीच्या पलीकडे हिरव्या पत्र्याचं कुंपण, माणसाहून उंच, चारशे मीटर लांब. कुंपणापलीकडे जुनी वस्ती. विटांची बैठी घरं, चाळीस वर्षांची. तिकडे जुने ऑस्ट्रेलियन, काही माल्टाचे, काही तुर्की. इकडे सगळे आपण. वसाहत बांधताना धूळ उडू नये म्हणून कंत्राटदाराने कुंपण घातलं होतं. धूळ बसली. कुंपण काढायचं कुणाला सुचलं नाही.

काका तिथेच थबकले. घरी येऊन म्हणाले, "विमल, पट्टा इथेही आहे."

"आहे तर असू दे," काकू म्हणाल्या. "हात धुवा."

नातू विहान सोफ्यावरून म्हणाला, "आजोबा, it's just a fence."

"तसंच असतं ते," काका म्हणाले.

त्यानंतर आठ वर्षांत काकांनी कौन्सिलला चौदा पत्रं लिहिली. प्रत्येकासोबत नकाशा. तेराव्या पत्राला उत्तर आलं की पत्र मिळालं. चौदाव्याला शॅनन आली. शॅनन कौन्सिलमधली तरुण ऑफिसर, हातात टॅब्लेट, चेहऱ्यावर चौदा पत्रं वाचल्याचा थकवा.

तिने अट घातली. कुंपणाचे दोन पत्रे तात्पुरते काढायचे. त्या फटीसमोर, काकांच्या नकाशाप्रमाणे, अकरा मीटर लांब लाकडी टेबल ठेवायचं, दोन्ही बाजूंना लांब बाक. सहा शनिवार, दहा ते बारा, ती स्वतः मोजणार. टेबलाशी दोन्ही वस्त्यांची माणसं एकाच वेळी बसलेली दिसली तर तो शनिवार पास. सहांपैकी दोन शनिवार पास झाले तर सगळं कुंपण जाईल. नाही झाले तर पत्रे परत बसतील, टेबल दुसऱ्या पार्कात जाईल, आणि काकांनी पंधरावं पत्र लिहायचं नाही.

"कोण कुठल्या वस्तीचं, हे कसं कळणार?" काकांनी विचारलं.

"मी रस्त्याचं नाव विचारीन," शॅनन म्हणाली. "वाइन असेल तर तुमचे. झाड असेल तर त्यांचे."

बाकांना पाठ नाही, हे काकांनी नकाशावर सात ठिकाणी लिहिलं होतं.

पहिल्या शनिवारी काका सातलाच जाऊन उभे राहिले. नऊला मंजिरी आली. मंजिरी सबनीस, फार्मासिस्ट, मराठी मंडळाच्या शनिवारच्या शाळेची सर्वेसर्वा. शाळा शेजारच्याच हॉलमध्ये भरायची, साडेनऊ ते साडेबारा. आईबाप मुलांना सोडून किराण्याला जायचे. शाळा सुटली की सगळे मिळून डबे खायचे, पार्किंगमध्ये, गाड्यांच्या बॉनेटवर.

मंजिरीने टेबल पाहिलं. डोळे भरून पाहिलं. मग पर्समधून रुमाल काढून बाकावर टाकला.

"हे काय गं?" काका म्हणाले.

"जागा धरली, काका."

"कशाला?"

"जेवायला."

"जेवण साडेबाराला ना?"

"म्हणून तर आत्ता धरली."

तिने फोन काढला. पंधरा मिनिटांत गाड्या आल्या. ऑस्ट्रेलियात सगळे टिश्यू वापरतात. पण जागा धरायच्या बाबतीत टिश्यूवर कुणाचा विश्वास नाही. प्रत्येकाच्या गाडीत रुमाल होता. चौकटीचा, काठाचा, भरतकामाचा. दहा वाजता शॅनन आली तेव्हा बाकांवर जागा छत्तीस होत्या आणि रुमाल एक्केचाळीस. माणूस एकही नव्हता. काका होते, पण अर्जदाराला धरत नाहीत.

साडेदहाला फटीतून एक बाई आली. सत्तरीची, हातात कुत्र्याची दोरी. तिने टेबलावरून नजर फिरवली.

"ओह. फंक्शन आहे वाटतं. सॉरी, लव्ह." आणि ती वळली.

"नो, नो मॅडम!" काका मागे धावले. "नो फंक्शन! ओन्ली हँकी!"

डोक्यावर आइस्क्रीमचा डबा होता. बाई जरा भराभरा चालायला लागली. कुत्रा तर पळालाच.

बारा वाजता शॅनन गेली. साडेबाराला मंडळ आलं आणि टेबल गच्च भरलं. काकांनी मंजिरीला बाजूला घेतलं. कुंपणाचं सांगितलं, अट सांगितली, जोहान्सबर्गचं थोडंसं सांगितलं.

"काका, सगळं पटतंय," मंजिरी म्हणाली. "पण जागा धरली नाही तर ते तिकडचे लोक येऊन बसतील की हो!"

"अगं, तेच तर पाहिजे!"

"मग आम्ही कुठे बसायचं?"

"त्यांच्या शेजारी!"

"हो ना? मग ती शेजारची जागा धरायला नको?"

काकांनी टेप काढून टेबल पुन्हा मोजलं. अकरा मीटरच भरलं.

दुसऱ्या शनिवारसाठी काकांनी मंडळाच्या ग्रुपवर कडक मेसेज टाकला. बाकावर रुमाल टाकू नये. मंडळ शिस्तीचं. कुणीही रुमाल टाकला नाही. पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. छत्र्या ठेवल्या. एका पायातली चप्पल ठेवली. कुकरचं झाकण होतं. एक दुधी होता. युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड ठेवून त्यावर दगड ठेवला होता.

छत्तिसाव्या जागेवर मात्र एक रुमाल होता. निळ्या चौकटींचा. काकांनी जवळ जाऊन पाहिलं. त्यांचा स्वतःचा.

ते घरी गेले. "विमल, माझा रुमाल तिथे कुणी टाकला?"

"मी. सकाळी चालायला गेले तेव्हा. सगळ्यांनी जागा धरल्या. तुम्ही एकटेच खुळ्यासारखे उभे राहणार होतात का?"

"अगं, ते टेबल मी काढलंय!"

"म्हणून तर. ज्याने काढलं त्यालाच जागा नाही, हे बरं दिसतं का?"

काका खुर्चीला टेकून उभे राहिले. जरा वेळाने हळूच म्हणाले, "हेही उलटं गेलं तर गं?"

काकूंनी पोळी उलटली. "जाऊ दे उलटं. इथे पाठ तरी नाहीये." मग त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी काकांना उभ्याउभ्या गरम पोळी दिली, वर तूप.

दोन शनिवार गेले होते. दोन्ही नापास.

तिसऱ्या शनिवारी बंदी मोडली. कुकरच्या झाकणावरून दोन घरांत भांडण झालं होतं, त्यामुळे मंडळ एकमताने रुमालांवर परत आलं. साडेनऊला काका पार्किंगमध्ये शॅननला गाठायला गेले. मोजणी साडेबाराला करा, अशी त्यांची विनंती होती. शॅनन म्हणाली, फॉर्मवर दहा ते बारा आहे. काका म्हणाले, फॉर्म बदला. शॅनन म्हणाली, फॉर्म बदलायला वेगळा फॉर्म आहे.

परत येतात तर बाक रिकामे. एकही रुमाल नाही. काकांना क्षणभर वाटलं, मंडळ सुधारलं. बारापर्यंत ते त्या रिकाम्या बाकांकडे आनंदाने पाहत राहिले. बसायला कुणी आलं नाही ते नाहीच, पण निदान जागा होती.

साडेबाराला खरा प्रकार कळला. रुमाल चोरीला गेले होते.

ग्रुपवर एका तासात चौसष्ट मेसेज. एकाने पोलिसांचा नंबर टाकला. एकीने तिच्या रुमालाचा फोटो टाकला, सासूबाईंचं भरतकाम, मोर. कुणीतरी लिहिलं की रुमालांवर राग असलेला माणूस आपल्यातच आहे. नाव लिहिलं नाही. मग मंजिरीचा फोन आला.

"काका, मी कुणाला सांगणार नाही. फक्त खरं सांगा. कुठे ठेवलेत?"

सत्तर वर्षांच्या आयुष्यात खांबेटे काकांवर चोरीचा आळ पहिल्यांदा आला, आणि तोही एक्केचाळीस रुमालांचा. त्यांत एक त्यांचा स्वतःचा होता. विमलकाकूंनी त्या दिवशीही जागा धरली होती.

ते तडक टेबलापाशी गेले. फटीतून पलीकडे पाहिलं. पलीकडच्या पहिल्याच घराच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची गोल फिरती छत्री होती. ती वाऱ्यावर हळूहळू फिरत होती. तिच्यावर एक्केचाळीस रुमाल.

काकांनी फटीतून पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले. त्यांच्या लक्षात आलं ते काही बरं नव्हतं. आठ वर्षं, चौदा पत्रं, आणि पलीकडे हे पहिलं पाऊल.

दार त्या कुत्र्याच्या बाईने उघडलं. नाव नॉरीन. एकतीस वर्षं एका हॉस्पिटलच्या धोबीखान्यात काम करून निवृत्त.

"आलास? बरं झालं," नॉरीन म्हणाली. "तुम्ही लोक रुमाल फार हरवता हो, लव्ह. मी तीन आठवडे बघतेय. दर शनिवारी पन्नास माणसं येतात आणि विसरून जातात. मधल्या शनिवारी तर एकाची चप्पलसुद्धा. बेवारस कापड दिसलं की मला राहवत नाही. धुतले, स्टार्च केले. इस्त्री सोमवारी."

काका समजावायला लागले. विसरलेले नाहीत, टाकलेले आहेत. टाकलेले म्हणजे फेकलेले नाहीत, ठेवलेले आहेत. जागा धरण्यासाठी.

"हां!" नॉरीनने मांडीवर हात मारला. "बालीच्या हॉटेलात पोहायच्या तलावाशी लोक पहाटे पाचला टॉवेल टाकून ठेवतात तसं! माझ्या बहिणीचं त्यावरून भांडण झालं होतं. बस ना."

काकांनी टेप काढली. पंचेचाळीस. ते बसले.

चहा झाला. कुंपणाचं बोलणं निघालं. नॉरीनला वाटत होतं की कुंपण नव्या वसाहतीने मागून घेतलंय, जुन्या घरांकडे बघायला नको म्हणून. काकांच्या वसाहतीत उलटं बोललं जायचं. नॉरीनने परत चहा ओतला. मग का कोण जाणे, काकांनी तिला ते सेहेचाळीस बाक सांगितले. बायकोशिवाय कुणाला न सांगितलेले.

नॉरीन इतकी हसली की कुत्रा भुंकायला लागला.

"मग? बसायचे का लोक त्यांवर?"

"बसायचे. पाठीला पाठ लावून."

"आणि बोलायचे?"

काका उत्तर द्यायला गेले आणि अडले. त्यांना दोन म्हाताऱ्या आठवल्या. रोज दुपारी यायच्या, एक या वस्तीतली, एक त्या. पाठीला पाठ. शेंगदाण्याची एक पुडी खांद्यावरून इकडून तिकडे जायची, तिकडून इकडे यायची. वर्षानुवर्षं. काकांनी ते रोज पाहिलं होतं. जमेला कधी धरलं नव्हतं.

"थोडंफार," ते म्हणाले.

चौथ्या शनिवारी नॉरीन आली ती कपड्यांची दोरी घेऊन. कुंपणाच्या फटीत, या खांबापासून त्या खांबापर्यंत तिने दोरी बांधली आणि इस्त्री केलेले एक्केचाळीस रुमाल चिमट्यांनी लावले. शॅनन दहाला आली आणि म्हणाली की सार्वजनिक वाटेत हा अडथळा आहे. नॉरीन म्हणाली की अडथळा गेली दहा वर्षं इथे उभा आहे, चारशे मीटरचा, तेव्हा तू कुठे होतीस, डार्लिंग? शॅननने टॅब्लेटमध्ये डोकं घातलं.

काकांनी ग्रुपवर मेसेज टाकला: रुमाल सापडले, ओळख पटवून घेऊन जावे. किराणा अर्धवट टाकून मंडळ धावत आलं. आणि मग कळलं की ओळख पटवणं सोपं नाही. पांढऱ्या, निळ्या काठाच्या रुमालाला सहा मालक निघाले. सहाही जणांना तो कुठल्या ना कुठल्या लग्नात मिळाला होता. गलका वाढला तशी नॉरीन बाकावर बसली आणि तिने सगळ्यांना बसवलं. समोर टोपली. शेजारी तिचा शेजारी चार्ली, माल्टाचा, अबोल, टोपली धरायला. एकेक रुमाल उचलून ती डागांवरून पुकारा करायला लागली, कारण धोबीखान्यातला माणूस कापड डागावरून ओळखतो.

"डाव्या कोपऱ्यात जुनी हळद! निघाली नाही! कुणाचा?"

एकही हात वर नाही. तो कुणालाच नको होता.

"मोर!"

"माझा, माझा!"

"लिपस्टिक! पुरुषाचा रुमाल आहे!"

त्यावर सगळे पुरुष एकदम टेबलाचं लाकूड तपासायला लागले. शेवटी मंजिरीने तो "मंडळाकडे जमा" म्हणून ठेवून घेतला.

शॅनन टेबलाभोवती फिरून रस्त्यांची नावं विचारत होती. शिराझ ड्राइव्ह. मर्लो क्लोज. बँक्सिया स्ट्रीट. शार्डोने वे. वॉटल कोर्ट. तिने टॅब्लेटवर बोट टेकवलं. पास.

काकांनी ते पाहिलं. पहिला दुधी धरलेल्या वेलाकडे बघावं तसे ते त्या टॅब्लेटकडे बघत राहिले.

मंडळाला आता नॉरीनचं अप्रूप. मंजिरीने मोठ्या मनाने सांगितलं, पुढच्या शनिवारी तुम्ही सगळे जेवायला या. आणि मग, आपल्या माणसाला सांगावं तसं, खालच्या आवाजात: "फक्त लवकर येऊन जागा धरून ठेवा हं. नाहीतर मिळणार नाही."

नॉरीनने ते आपल्या वस्तीत घरोघर सांगितलं.

पाचव्या शनिवारी काका फटीपाशी आले आणि डोक्यावरचा डबा काढून हातात घेतला. बाकावर एक रुमाल, एक टी-टॉवेल. एक रुमाल, एक टी-टॉवेल. टी-टॉवेल म्हणजे भांडी पुसायची फडकी. त्यांवर कांगारू, टास्मानियाचा नकाशा, कुठल्याशा जुन्या वर्षाचं कॅलेंडर. मोराला लागून कोआला. अकरा मीटर, इकडून तिकडे, दोन्ही वस्त्या मांडीला मांडी लावून. जन्मभर काका ज्या चित्रासाठी कागद घासत होते ते चित्र समोर होतं. फक्त त्यात माणूस नव्हता. इकडचे किराण्याला गेले होते, तिकडचे घरी लॉन कापत होते. सगळे साडेबाराला येणार होते.

शॅननने दोन तास वाट पाहिली. "कापडांचं मिश्रण उत्तम आहे," ती म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं. "पण माझ्याकडे कापडाचा रकाना नाही."

"उरला एक," काका म्हणाले.

"उरला एक. सोमवारी पत्रे बसवायला माणसं सांगून ठेवलीत मी. नंतर रद्द करता येतील."

त्या आठवड्यात काकांनी सगळ्यांना फोन केले. दहाला या. कापड आणू नका, स्वतः या. सगळे म्हणाले, हो हो, नक्की. काकांना आपली माणसं ठाऊक होती. शुक्रवारी रात्री ते विमलकाकूंना म्हणाले, "झालं. यांच्या 'नक्की'चा अर्थ मला कळतो."

सहाव्या शनिवारी उत्तरेचा वारा सुटला. क्रेगीबर्नला तो सुटला की भट्टीचं दार उघडल्यासारखा सुटतो. कचऱ्याचे डबे रस्त्याने चालायला लागतात. नऊला मंडळ आलं. पलीकडून नॉरीनची मंडळी आली. सगळ्यांनी सवयीने कापडं टाकली. वाऱ्याने सवयीने उचलली. कांगारू मर्लो क्लोजकडे गेला, मोर बँक्सिया स्ट्रीटकडे. माणसं धावली, धरून आणली, परत टाकली. परत उडाली. कुणीतरी दगड ठेवला, पण दगड किती असणार. कुणीतरी चप्पल ठेवली, ती बाकावरून घसरून पालथी पडली.

शेवटी मंजिरी वैतागून स्वतःच्या रुमालावर बसली. "बघू आता कसा उडतो!"

समोरच्या चार्लीने ते पाहिलं. तोही आपल्या टी-टॉवेलवर बसला.

मग कुणालाच उभं राहणं परवडेना. उठलं तर कापड जाणार, कापड गेलं तर जागा जाणार. छत्तीस जागांवर अडतीस माणसं बसली, बुडाखाली आपापलं कापड घट्ट दाबून. नॉरीन बसली. तिच्या शेजारी विमलकाकू. किराण्याला कुणी गेलं नाही. लॉन कुणी कापलं नाही. एकमेकांवर डोळा ठेवून बसायचं म्हणजे एकमेकांकडे बघणं आलं. बघून किती वेळ गप्प बसणार. साडेदहाला डबे उघडले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. चार्लीने पहिल्यांदा थालीपीठ खाल्लं आणि पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "अजून आहे?"

शॅननने मोजलं. केस सांभाळत दुसऱ्यांदा मोजलं. मग काकांपाशी आली.

"पास," ती म्हणाली. "कुंपण जाईल, मिस्टर खांबेटे. सगळं."

काकांनी डब्याने तोंड झाकून घेतलं. मागच्या बाजूला काढलेले डोळे, चष्म्यासकट, शॅननकडे बघत राहिले.

"तोडायला माणसं कधी येतील?" त्यांनी डब्याच्या आतून विचारलं.

"दोन महिने. फेब्रुवारी धरा. मला फॉर्म भरावा लागेल."

"दोन महिने," काका म्हणाले. ते तडक घरी गेले आणि शैलेंद्रच्या गॅरेजमधून स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. फटीला लागून जो पहिला पत्रा होता त्यापाशी गुडघे टेकले. एका पत्र्याला बारा स्क्रू. वरून सुरुवात करायची की खालून, याचा त्यांनी थोडा विचार केला. मग खालून सुरुवात केली.

शॅनन मान वळवून ढगांकडे बघायला लागली. "मी इथे नाहीये," ती म्हणाली. "मी बाराला निघून गेलेय."

पहिला स्क्रू गंजलेला होता. दुसरा सरळ आला. काका प्रत्येक स्क्रू काढून ओळीने गवतात ठेवत होते. चार झाले. सहा झाले. वाऱ्याने पत्रा थरथरायला लागला. सातवा निघाला तेव्हा टेबलाकडून हाका सुरू झाल्या. चार्ली पाणी प्यायला घरी गेला होता, आणि त्याच्या टी-टॉवेलवर विमलकाकूंनी एक हात आणि नॉरीनने एक हात दाबून धरला होता.

"अहो, जागा झालीये! या लवकर! तो आला की जाईल!"

"कम ऑन, लव्ह!" नॉरीन ओरडली. "माझा हात दुखतोय!"

"आलो, आलो. एवढा पत्रा होऊ दे."

"पत्रा कुठे पळत नाहीये! जागा पळेल!"

काकांनी पत्र्याकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. स्क्रूड्रायव्हर गवतात टाकला आणि धावले, सत्तराव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं.

पत्रा पाच स्क्रूंवर अजून उभा आहे.